शेंडेभाऊंचं भुयार

परवा घुग्घुसला साडूकडे गेलो होतो. त्याने नवा कॉम्प्युटर घेतला आहे आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवल्याशिवाय चहा मिळत नाही. मला खुर्चीत बसवलं, एक सीडी आत सरकवली, आणि पडद्यावर जे नाव उमटलं ते वाचून मी सरसावून बसलो. भुयार! म्हणजे खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे, पण आमच्या सर्व्हे ऑफिसात त्याला कायम 'भुयार'च म्हणत. हा त्याचा पाचवा भाग होता. एक तेल चोपडल्यासारखा चमकणारा योद्धा चालत होता आणि त्याच्या डोक्यावर सोनेरी बाण तरंगत होता. बाण दाखवेल तिकडे जायचं, बटण दाबत राहायचं. राक्षस फुटायचे, त्यांच्यातून नाणी उडायची, कुठून तरी ढोल वाजायचे. मध्येच एकदा योद्धा मेला. लगेच उठला, कपडे झटकले आणि निघाला पुढे.

"याच्यात हारताच येत नाई," साडू म्हणाला. "मस्त आहे ना?"

मला किळस आली. हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. कंटाळा आला असता तर तसं लिहिलं असतं. याच खेळाच्या पहिल्या भागापायी मी एका माणसाला जेवणाचा डबा समोर ठेवून उपाशी बसलेलं पाहिलं आहे, कारण त्याचा एक गडी खाली चौथ्या मजल्यावर मरून पडला होता आणि त्याला तिथे टाकून भाजी-पोळी खाणं त्याच्या जिवावर आलं होतं. त्या माणसाबद्दल लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. साडूच्या त्या ढोलांनी आता ते टाळणंही नासवलं.

तुळशीराम शेंडे आमच्या खदानीचे मोठे सर्व्हेअर होते. जमिनीखालच्या कोळशाच्या खदानीत सर्व्हेअर म्हणजे मोजणारा माणूस. कुठली गॅलरी, म्हणजे आत खणलेली वाट, कुठून कुठे गेली, तिच्या शेजारी काय आहे, वर काय आहे, हे सगळं तो मोजतो आणि नकाशावर आणतो. त्या नकाशावर त्याची सही झाली की तो खरा. मी त्यांच्या हाताखाली ट्रेसर होतो, म्हणजे त्यांनी काढलेल्या नकाशाच्या नकला करायच्या. ते सावली तालुक्याकडचे, ढिवराच्या घरातले. त्यांचे वडील तलावात जाळं टाकण्याआधी बांबू घेऊन सगळा तलाव कंबरभर पाण्यातून हिंडून यायचे, मग गावाने कितीही घाई करो. भाऊंमध्ये ते जसंच्या तसं उतरलं होतं. उंची बेताची, डोक्यावरचे केस तारेसारखे उभे, खिशात अणकुचीदार पेन्सिल आणि तिला टोक काढायला पॉलिश पेपरचा तुकडा. चालताना ओठ हलत. नवीन माणसाला वाटे, भाविक आहे, जप करतो. ते पावलं मोजत असत. घरापासून बसथांब्यापर्यंत, बसथांब्यापासून हजेरीच्या खिडकीपर्यंत, सगळीकडे.

त्यांच्यासमोर 'अंदाजे' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती.

"अंदाजे म्हंजे किती?" ते विचारत.

"असंल पन्नासेक मीटर."

"मंग पन्नास म्हन, नाई तं एकोनपन्नास म्हन. अंदाजे म्हंजे मी तिथी गेलोच नाई, असं सांगून राह्यला तू."

खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, आमच्या भागात सगळेच खातात, मीही खातो. शेंडेभाऊही खात, पण त्यांचा एक नेम होता. मोजणी जिथून सुरू केली तिथेच फिरून परत यायचं आणि आकडे जुळवून पाहायचे, अशी आमच्या कामाची रीत आहे. जुळले तर मोजणी बंद झाली म्हणतात. मोजणी बंद झाल्याशिवाय भाऊ खर्ऱ्याची पन्नी उघडत नसत. कधीकधी आकडे दोन-दोन दिवस जुळत नसत. मग ते तोंड कोरडं घेऊन सगळ्यांवर खेकसत हिंडायचे. त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणत असू. त्या एकदा मला म्हणाल्या, "ह्यायचा चेहरा पाह्यला का मले समजते, आकडे जुळले का नाई. नाई जुळले तं मी भाजीत मीठ कमी आहे का, ते बी इचारत नाई."

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, वेगळा एसी आणि वर प्लॅस्टिकचं झाकण. तो बसवायला नागपूरहून आलेला इंजिनिअर चार दिवस राहिला आणि जाताना टेबलाच्या खणात काही फ्लॉप्या विसरून गेला. त्यांत 'भुयार'चा पहिला भाग होता. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्यांनी तो लावून पाहिला आणि अर्ध्या तासात सोडून दिला. काळा पडदा, पांढऱ्या रेघांच्या भिंती, खाली इंग्रजीत दोन ओळी. सहा गडी घेऊन जमिनीखाली उतरायचं. नकाशा नाही, खुणा नाहीत, कोणी काही सांगत नाही. दहा पावलांत वाट चुकायची आणि पंधराव्या पावलाला सगळे मरायचे. याच्यात खेळ कुठला, असं मला वाटलं.

शेंडेभाऊ उभ्याने पाहत होते. दुसऱ्या दिवशी ते आलेखाचा कागद घेऊन बसले.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं, जेवणाची सुट्टी आणि संध्याकाळी पाच ते स्टाफची बस सुटेपर्यंतचा वेळ, शेंडेभाऊ त्या भुयारात होते. ते खेळत होते असं म्हणवत नाही, ते त्याची मोजणी करत होते. एक पाऊल टाकायचं, कागदावर एक चौकोन भरायचा. प्रत्येक आंधळ्या गॅलरीच्या शेवटापर्यंत जायचं, भिंतीला टेकायचं आणि परत यायचं. इंग्रजी त्यांचं मॅट्रिकपुरतंच होतं. शेजारी डिक्शनरी ठेवत आणि प्रत्येक ओळ पेन्सिलीने उतरवून तिचा अर्थ लावत.

उपाशी बसल्याची गोष्ट तेव्हाचीच. त्यांचा एक गडी चौथ्या मजल्यावर मेला. पहिल्या भागात मेलेला माणूस जिथे मेला तिथेच पडून राहायचा. बाकीचे पाच कसेबसे वर आले. वर आल्यावर नवा गडी फुकट मिळायचा, नाव लिहायचं की झालं.

"भाऊ, नवा घ्या ना," मी म्हणालो. "डबा थंडा होऊन राह्यला."

"अन हा?"

"हा तं मेला."

"मेला म्हनून काय झालं? मानूस आत आहे ना गा अजून. आतला मानूस बाहेर आनल्याबिगर पाळी संपत नाई."

त्यांनी तीन आठवडे लावले. पाच गडी घेऊन पुन्हा उतरले, मागे फिरले, पुन्हा उतरले, आणि शेवटी त्या मेलेल्याला उचलून वर आणलं. तोवर मी त्यांना ऑफिसभर वेडा ठरवून झालो होतो. पण ज्यांनी खदानीत छत पडल्यावर बाहेर उभं राहून वाट पाहिली आहे, त्यांच्यापैकी कोणी हसलं नाही. गेडाम नावाचा सरदार, म्हणजे एका पाळीच्या माणसांचा मुकादम, तर त्या दिवशी मुद्दाम खोलीत येऊन "आला का बाहेर?" असं विचारून गेला.

दुसरी गोष्ट सहाव्या मजल्याची. तिथे भाऊंचा नकाशा जुळेना. उत्तरेला गेलेली वाट पूर्वेला निघायची. त्यांनी तो मजला तीनदा मोजला, तीनदा नकाशा फाडला. आठवडाभर खर्रा बंद, वहिनींची भाजी बेचव. मग एके दिवशी त्यांनी प्रत्येक वळणावर गड्यांच्या झोळीतली एकेक वस्तू टाकत जायला सुरुवात केली, कुठे दोरी, कुठे टोपी, आणि दर पावलाला मागे वळून पाहायचं. तेव्हा सापडलं. एका चौकोनात पाय ठेवला की जमीनच गुपचूप फिरायची. माणसाला वाटायचं आपण सरळ चाललो, आणि तोंड भलतीकडेच झालेलं असायचं. भाऊ इतके खूश झाले की त्यांनी मला पाठीत गुद्दा मारला.

"हरामखोर जागा!" ते म्हणाले. "पाह्य कशी फिरवते! सांगत बी नाई. आपन आपल्या पायावर भरोसा ठेवून चाललो का गेलोच."

तो खेळ बनवणाऱ्यांबद्दल त्यांना खरा आदर होता. अमेरिकेत कुठे तरी दोन-तीन माणसं बसली आहेत आणि ती शेंडे सर्व्हेअरला फसवायला डोकं चालवत आहेत, या कल्पनेने त्यांची छाती फुगायची.

मग एकेक भाग येत गेले आणि त्या आदराचं जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. दुसरा भाग चंद्रपूरच्या एका कॅसेटवाल्याकडून मी आणला. रंग आले होते, माऊस आला होता. भाऊंनी तोही कागदावर उतरवला, पण देवळात पैसे टाकले की मेलेला गडी जिवंत व्हायचा, ते त्यांना खटकलं. "असं असतं तं पैसेवाले कोनी मेलेच नसते," एवढंच म्हणाले. तिसऱ्या भागात नकाशा आपोआप निघायला लागला. तुम्ही चाललात की कोपऱ्यात रेघा उमटायच्या. मला फार आवडलं. भाऊंनी आलेखाचा कागद घडी करून खिशात घातला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी कोणाचं तरी ताट ओढून घेतलं होतं.

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. खेळाच्या खोक्यामागे अमेरिकेचा पत्ता होता. पाच वेळा कच्चं करून सहाव्यांदा मी टाइप केलं. तक्रार एकच होती: चालायचं आम्ही आणि मोजायचं तुम्ही, तर मग आम्ही खाली उतरायचं कशाला? शिवाय फिरणारी जागा तुम्ही काढून टाकली आहे, ती कृपया परत बसवावी. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. चार महिन्यांनी जाड लिफाफा आला. आत चकचकीत जाहिरातीचं पुस्तक, एक राक्षसाचं चिकटवायचं चित्र, आणि छापील ओळ, की आमच्या ग्राहकांच्या मागणीवरून पुढचा भाग आणखी सोपा होणार आहे. सोपा! भाऊंनी ते चित्र उलटसुलट केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने बेरीज केली, कोरी जागा वाया घालवायची सवय नव्हती म्हणून.

चौथा भाग आला तोवर दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि मी सर्व्हेअरची परीक्षा पास झालो होतो. भुयार आता मी खेळत होतो, भाऊ मागे उभे राहायचे. त्या भागात पहिल्यांदा बाण आला. लढाई संपली की मेलेले गडी आपोआप उठून बसायचे, देऊळही नको आणि पैसेही नकोत.

"कुठी चालला?" भाऊंनी विचारलं.

"बाण दाखवते तिकडे."

"तिथी काय आहे?"

"माहीत नाई. गेल्यावर समजंल."

"आलास कुठून?"

मी वळून पाहिलं. मागे तीन वाटा होत्या आणि त्यांतली कुठली माझी, याचा पत्ता नव्हता.

"तू खेळून नाई राह्यला," ते म्हणाले. "तुले नेऊन राह्यले."

ते गेले आणि त्या खोलीत खेळ पाहायला परत कधी आले नाहीत. मला राग आला होता. म्हातारा झाला, नवं काही सोसवत नाही, असं मी चहाच्या टपरीवर चौघांत बोललोही. आज साडूकडे बसून कंपनीला शिव्या घालायला मला काय जातं? पण कंपनीने तो खेळ माझ्यासारख्यांसाठीच नासवला होता. ज्यांना हरायचं नव्हतं, थांबायचं नव्हतं, मागे वळून पाहायचं नव्हतं, त्यांनी मागितलं आणि कंपनीने दिलं. पहिल्या भागाचं खरं गिऱ्हाईक सगळ्या जिल्ह्यात एकच होतं, आणि त्याच्या पत्राला उत्तर म्हणून राक्षसाचं चित्र आलं.

खेळ बदलला तो बदलला, आमचं ऑफिसही त्याच वाटेने निघालं होतं. नकाशे कॉम्प्युटरवर चढले. जुने कापडी नकाशे गुंडाळून माळ्यावर टाकले गेले. पूर्वी महिन्यातून चार दिवस सर्व्हेअर खाली असायचा, आता चार तास पुरे होऊ लागले. बाहेरून आलेले एक मॅनेजर साहेब होते. त्यांना नकाशा लगेच लागायचा, रंगीत लागायचा, आणि त्याच्यात शंका नको असायची.

आमच्या खदानीच्या एका अंगाला फार जुनी, बंद पडलेली खदान होती आणि तिच्यात पाणी भरलेलं होतं. अशा ठिकाणी मध्ये कोळशाची जाड भिंत सोडावी लागते. ती पातळ झाली आणि फुटली तर काय होतं, ते इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. त्या वर्षी जुन्या खदानीच्या दिशेने आमचं एक पॅनल, म्हणजे कोळसा काढायचा एक भाग, पुढे सरकत होतं. जुन्या खदानीचा कापडी नकाशा स्कॅन करून आमच्या नकाशावर बसवला गेला. कसा बसवला? जुन्या खदानीत उतरायच्या दोन विहिरी होत्या. त्यांतली एक माहीत होती, तिच्यावर नकाशा टेकवला, आणि उत्तरेचा बाण उत्तरेच्या बाणावर ठेवला. पडद्यावर दोन बाण एकावर एक असे नेमके बसले की मलाही बरं वाटलं. भिंत भरपूर जाड दिसत होती.

शेंडेभाऊंनी तो नकाशा पाहिला. उभ्याने पाहिला, मग बसून पाहिला.

"हे कुठीतरी फिरलं आहे गा," ते म्हणाले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. जुना बाण त्या काळच्या होकायंत्राने काढलेला. होकायंत्राची उत्तर वर्षांगणिक थोडी थोडी सरकते. बाणावर बाण ठेवला की जुनी खदान तेवढीच फिरते, आणि टोकाला जाईपर्यंत कितीतरी मीटरचा फरक पडतो. दुसरी विहीर शोधायची, दोन्ही विहिरींवर नकाशा टेकवायचा, मग काय ते खरं. दुसरी विहीर वरच्या झुडपी जंगलात कुठे तरी बुजलेली होती. आठ दिवस लागतील, म्हणाले.

मार्च चालू होता, वर्षाचं कोळशाचं टार्गेट पुरं करायचं होतं. मॅनेजर साहेबांकडे आठ दिवस नव्हते. "शेंडेजी, कम्प्यूटर गलत है और आप सही हो?" त्यांनी विचारलं.

"साहेब, जिथी माहा पाय नाई लागला, तिथी माही सही नाई," भाऊ म्हणाले आणि पेन्सिल खिशाला लावून बाहेर गेले.

मग साहेबांनी मला बोलावलं. माझ्याकडे सर्टिफिकेट होतं, माझीही सही चालत होती. त्यांनी धमकी दिली नाही, आमिष दाखवलं नाही, आवाज चढवला नाही. तसं काही केलं असतं तर आज मला सांगायला कारण तरी असतं. त्यांनी फक्त बोट ठेवलं आणि म्हणाले, "यहाँ." मी पेनचं टोपण काढलं आणि तिथे सही केली. नकाशावर भिंत जाड दिसत होती. वर बाण होता. मी बाणाच्या मागे गेलो.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ रजेवर गेले. सगळ्यांना वाटलं, रुसून सावलीला गेले. गेडामच्या बापाने तरुणपणी त्या जुन्या खदानीत काम केलं होतं आणि दुसऱ्या विहिरीची जागा गेडामला त्याने दाखवून ठेवली होती, आणि गेडामने ती आता भाऊंना दाखवली, हे कोणाला माहीत नव्हतं. ऑफिसचं मोजणीचं यंत्र रजेवरच्या माणसाला मिळत नाही. भाऊंनी घरची टेप, दोरी, बांबू आणि स्वतःचं जुनं होकायंत्र घेतलं आणि बेशरमाची झाडं तोडत, पळसाच्या बुंध्यांना खडूच्या खुणा करत, त्या उन्हात पहिल्या विहिरीपासून दुसरीपर्यंत आणि दुसरीपासून परत पहिलीपर्यंत मोजलं. मोजणी सहाव्या दिवशी बंद झाली. ते तसेच, काट्यांनी फाटलेल्या सदऱ्यात, वही घेऊन साहेबांच्या खोलीत आले. जुनी खदान नकाशात दाखवली होती त्यापेक्षा तीस मीटर जवळ होती. भिंत उरलीच नव्हती म्हटलं तरी चालेल.

साहेब म्हणाले, नकाशा सही झालेला आहे.

भाऊंनी नकाशा ओढून खालची सही वाचली. मी तिथेच उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टोपी घातली, दिवा घेतला, आणि रजेवर असताना, हजेरी न लावता, ते खाली उतरले. पॅनलच्या तोंडाशी जाऊन वाटेत आडवे बसले. गेडामची पाळी आत कामाला होती. भाऊंनी दिव्याच्या उजेडात त्याला वहीतली दोन पानं दाखवली. गेडामने विहीर स्वतः दाखवली होती, त्याला जास्त सांगावं लागलं नाही. त्याने आपली माणसं बाहेर काढली.

नंतर तिथे खात्रीसाठी लांब, बारीक भोक पाडून पाहिलं, तेव्हा काळं पाणी इतक्या जोराने आलं की भोक पाडणारा माणूस उलथा पडला. लाकडी खुंटा ठोकून ते कसंबसं बंद केलं. पॅनल कायमचं थांबलं. कोणाला काही झालं नाही.

आणि कोणाला काही झालं नाही म्हणून पुढचं सगळं सोपं झालं. चौकशी आली. भाऊंनी आधी सांगूनही चुकीचा नकाशा रेटला, हे दिसणं साहेबांना परवडणारं नव्हतं. मग भाऊंची वही माझ्या नावावर दाखवली गेली. सही करणाऱ्या सर्व्हेअरने, म्हणजे मी, दक्षतेने फेरमोजणी केली आणि वेळीच काम थांबवलं, असं कागदावर आलं. मला शाबासकीचं पत्र मिळालं. रजेवर असताना विनापरवाना खाली उतरून कामात अडथळा आणल्याबद्दल शेंडेभाऊंची दूरच्या खदानीत बदली झाली. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मी गप्प बसलो. शाबासकीचं पत्र माझ्या बायकोने काच लावून भिंतीवर टांगलं आणि मी त्याच्याखाली बसून रोज जेवलो. किळस म्हणतो ती ही. साडूच्या कॉम्प्युटरवर मी उगीच भडकलो.

भाऊ निवृत्त होऊन सावलीकडच्या गावी गेल्यावर एकदा ऑफिसने मला त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनी ऑफिसला सोपवलेल्या जुन्या वह्यांच्या यादीवर त्यांची सही राहिली होती. मी दुपारी पोचलो. वहिनींनी पाणी दिलं, चहा ठेवला, आणि मला पाहून त्यांना आनंद झाला नाही हेही लपवलं नाही. भाऊ ओसरीवर बसून फाटलेलं जाळं विणत होते. वाळले होते. मी यादी पुढे केली. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट ठेवून वाचली. एका ओळीवर बोट थांबलं. 'फेरमोजणी, जुनी विहीर क्रमांक दोन', आणि पुढे माझं नाव.

"ही वही मी देल्ली नाई," ते म्हणाले. "तुमी घेतली."

आतून पट्टी मागवली, पट्टी धरून ती एक ओळ सरळ रेघेने खोडली आणि खाली सही केली.

"भाऊ, चुकलं माहं," मी म्हणालो. हे वाक्य मी बसमध्ये सारखं घोकत आलो होतो.

"माह्यापाशी काय चुकलं?" त्यांनी जाळं पुन्हा हातात घेतलं. "मी तं आत नव्हतो. तू सही केल्ली त्या पॅनलमधी त्या पाळीत किती मानसं होती?"

"अकरा," मी म्हणालो. तेवढं मला माहीत होतं, ते चौकशीच्या कागदात होतं.

"नावं सांग."

"गेडाम," मी म्हणालो.

ते वाट पाहत राहिले. चिडून नाही, एखाद्या ट्रेसरची नक्कल पुरी व्हायची वाट पाहावी तसे. स्वयंपाकघरात चहा उकळत होता. बाकीच्या दहांतले कितीतरी जण रोज हजेरीच्या खिडकीपाशी मला नमस्कार करायचे.

"गेडाम एक," भाऊ म्हणाले आणि अंगठा दुमडला. मग ते सांगायला लागले. नाव, बापाचं नाव, गाव. कोण घुग्घुसहून मोटरसायकलने येतो, कोण बल्लारपूरहून गाडीने, कोणाचं लग्न ठरलं होतं, कोणाला कमी ऐकू येतं आणि म्हणून त्याला हाक मारली तर भागत नाही, खांद्याला हात लावावा लागतो. चौथं झालं, पाचवं झालं. सहाव्याला मी उठलो.

"बस निघून जाईन, भाऊ."

त्यांनी मान हलवली, थांबले मात्र नाहीत. मी यादी पिशवीत कोंबली, वहिनींना चहा नको म्हटलं आणि अंगणातून बाहेर पडलो. फाटकाशी वळून पाहिलं. ते ओसरीवर एकटेच बसले होते, मांडीवर जाळं, दुसऱ्या हाताचं बोट दुमडत, आणि ओठ हलत होते.

बस यायला अजून पाऊण तास होता.